कार्बन नॅनोट्यूबची लवचीक सेन्सर-पट्टी: दृश्य प्रकाशापासून टेराहर्ट्झपर्यंत एकाच पट्टीने प्रतिमा घेण्यासाठी

सिलिकॉनचा फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारा डिटेक्टर) १.१ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पुढे आंधळा असतो. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा नेहमीचा डायोड १.७ मायक्रोमीटरपर्यंत पोचतो. त्यापुढच्या अवरक्त पट्ट्यासाठी मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराइड वापरतात, पण ते बहुधा थंड ठेवावं लागतं आणि वाकत तर मुळीच नाही. सगळीकडे अडचण एकच आहे. हे डिटेक्टर फोटॉनच्या ऊर्जेवर चालतात आणि तरंगलांबी वाढते तशी ती ऊर्जा घटते. अवरक्ताच्याही पलीकडे, १ टेराहर्ट्झला, म्हणजे ३०० मायक्रोमीटर तरंगलांबीला, एका फोटॉनकडे जेमतेम ४ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट उरतात. खोलीच्या तापमानाला पदार्थातली उष्णताच २६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टची खळबळ करत असते. त्या गोंगाटात हा फोटॉन ऐकू येत नाही.

यावर उपाय असा: फोटॉन मोजायचेच नाहीत. प्रकाशाची उष्णता होऊ द्यायची आणि ती उष्णता मोजायची. काळी फिल्म कोणत्याही रंगाचा प्रकाश गिळते, गरम होते, आणि फिल्मच्या दोन टोकांमधल्या तापमानातल्या फरकामुळे व्होल्टेज तयार होतं. हा १८२१ सालचा सीबेक परिणाम. कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, फिल्म यासाठी फार सोयीची आहे. ती काळी आहे, वीज वाहून नेते, कागदासारखी वाकते आणि तिला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत युकिओ कावानो यांच्या गटाने २०१६ मध्ये याच पदार्थाचा अंगावर घालता येणारा टेराहर्ट्झ स्कॅनर दाखवला. तेव्हापासून या प्रकारावर बरंच काम झालं आहे.

या लेखात आठ पिक्सेलची एक पट्टी कशी बनवायची, तिचे संकेत कसे वाचायचे आणि ती सरकवत प्रतिमा कशी उभी करायची, हे सांगितलं आहे. एक गोष्ट आधीच मनावर घ्या: तुम्ही बनवताय तो मुळात थर्मामीटर आहे. पुढे जे जे बिघडेल त्यातलं बहुतेक हे विसरल्यामुळेच बिघडेल.

आधी कागदावर: पट्टी किती लांब, अंतर किती

मापं अंदाजाने ठरवू नका. ती उष्णताच ठरवते.

फिल्मवर एका ठिकाणी प्रकाश पडला की उष्णता फिल्ममधून बाजूला पसरते आणि पसरता पसरता हवेत निसटते. किती दूर पोचून ती विरते, ते अंतर काढता येतं. फिल्मची उष्णतावाहकता आणि जाडी यांचा गुणाकार करा, त्याला पृष्ठभागावरून होणाऱ्या गळतीने भागा आणि वर्गमूळ घ्या. ५ मायक्रोमीटर जाडीची नॅनोट्यूब फिल्म (वाहकता साधारण २० वॉट प्रति मीटर-केल्विन) आणि दोन्ही बाजूंची मिळून २० वॉट प्रति चौरस मीटर-केल्विन गळती धरली, तर उत्तर येतं सुमारे २ मि.मी. फिल्मला आधार देणाऱ्या नुसत्या २५ मायक्रोमीटर पॉलिइमाइडसाठी (हे उष्णता सोसणारं प्लास्टिक, वाहकता ०.१२) हेच अंतर फक्त ०.४ मि.मी. आहे.

या दोन आकड्यांवर सगळी रचना उभी राहते. प्रत्येक पिक्सेल म्हणजे फिल्मची एक छोटी पट्टी. तिचं गरम टोक आणि थंड टोक यांत २ मि.मी.च्या तीन-चार पट अंतर हवं, म्हणजे पट्टी ६ ते ८ मि.मी. लांब. ४ मि.मी.पेक्षा आखूड केली तर उष्णता दुसऱ्या टोकापर्यंत पोचते आणि फरकच उरत नाही. १५ मि.मी. केली तर फक्त रोध वाढतो, बाकी पदरात काही पडत नाही. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १ मि.मी. उघडं पॉलिइमाइड सोडलं की एका पिक्सेलची ऊब दुसऱ्यात फारशी जात नाही. म्हणून पट्टी १ मि.मी. रुंद, मोकळी जागा १ मि.मी., पिक्सेलचं अंतर २ मि.मी. आठ पिक्सेल साधारण १६ मि.मी. जागेत बसतात. याहून दाट रचना करण्याचा मोह पहिल्या खेपेला टाळा.

आधारासाठी २५ मायक्रोमीटर पॉलिइमाइड घ्या. ते भट्टीतली उष्णता सहज सोसतं. पीईटी प्लास्टिक स्वस्त असतं, पण ७०-८० अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागतं आणि चांदीची पेस्ट भाजताना सुरकुततं. जाड पॉलिइमाइड हाताळायला सोपं वाटतं, पण जाडी तिप्पट केली की तापवायचं वस्तुमानही तिप्पट होतं. २५ मायक्रोमीटरवर पिक्सेलचा प्रतिसाद-काळ एक-दोन सेकंदांचा असतो. ७५ मायक्रोमीटरवर तो तीन ते सहा सेकंदांवर जातो आणि प्रतिमा घेता घेता जीव मेटाकुटीला येतो.

सामान

एकभिंती कार्बन नॅनोट्यूबची पावडर ५ मिलिग्रॅम, किंवा त्याहून बरं म्हणजे पाण्यात आधीच पसरवलेलं तयार द्रावण. सोडियम डोडेसिलबेंझिनसल्फोनेट हा साबणासारखा पदार्थ ०.५ ग्रॅम. ऊर्ध्वपातित पाणी, इथेनॉल. ४७ मि.मी. व्यासाचा, ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा, पाणी शोषणारा पीटीएफई फिल्टर आणि व्हॅक्यूम फनेल. प्रोब असलेलं सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र), सेंट्रिफ्यूज. चांदीची लवचीक पेस्ट. पॉलिइमाइड. १० ते २० मायक्रोमीटर जाडीची पॉलिइथिलीन फिल्म. ॲल्युमिनियम फॉइल, १ मि.मी. आणि २-३ मि.मी. जाडीचा फोम. वाचनासाठी एडीएस१२२० ही २४ बिटांची एडीसी चिप (व्होल्टेजचे आकडे करणारी), १६ वाहिन्यांचा ४०६७ मल्टिप्लेक्सर (एका वेळी एकच वाहिनी पुढे जोडणारा) आणि ३.३ व्होल्टवर चालणारा कोणताही मायक्रोकंट्रोलर.

पावडरबद्दल स्पष्टच सांगायला हवं. कोरडी नॅनोट्यूब हवेत उडते आणि फुप्फुसात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एका प्रकारच्या बहुभिंती नॅनोट्यूबला 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं आहे. अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने हवेतल्या प्रमाणासाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे. म्हणून पावडर फक्त फ्यूम हूडमध्ये किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये तोलायची, हातमोजे आणि सूक्ष्म कण अडवणारा मास्क घालायचा, आणि पावडर ओली होईपर्यंत बाटली बाहेर काढायची नाही. ही सोय नसेल तर तयार द्रावणच घ्या, पावडरच्या वाटेला जाऊ नका. फिल्म कापतानाही ती इथेनॉलने किंचित ओली ठेवा.

फिल्म बनवणं

१. ५० मि.ली. पाण्यात ०.५ ग्रॅम साबण विरघळवा, म्हणजे १ टक्का द्रावण झालं. त्यात ५ मिलिग्रॅम नॅनोट्यूब टाका.

२. भांडं बर्फात ठेवून प्रोबने ३० ते ६० मिनिटं सोनिकेट करा. बर्फ वितळला की बदला, कारण द्रावण तापलं की साबणाची पकड सुटते आणि गुठळ्या परत येतात. जास्त वेळ चालवलं तर आणखी चांगलं, असंही नाही. दोन-तीन तासांत नळ्या तुटून आखूड होतात आणि फिल्मचा रोध वाढतो. द्रावण शाईसारखं एकजीव दिसलं आणि काचेवरच्या थेंबात कण दिसले नाहीत की थांबा.

३. सुमारे १०,००० जी (गुरुत्वाच्या १०,००० पट) वर ३० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचं तीन-चतुर्थांश द्रावण घ्या, तळाचा गाळ सोडून द्या. गाळाबरोबर थोड्या नळ्याही जातात. साधारण ३ मिलिग्रॅम हाती राहतील असं धरा.

४. फिल्टरमधून हळू ओढा. सुरुवातीला व्हॅक्यूम कमी ठेवा. एकदम जोराने ओढलं तर द्रावण एका बाजूला आधी निचरतं आणि फिल्म पाचरीसारखी, एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ होते. द्रावण संपून फिल्म मध्येच कोरडी पडू देऊ नका, ती तडकते.

५. आता धुणं. नवखे याच पायरीवर घाई करतात आणि मग फिल्म बिघडली म्हणून सोनिकेटरला दोष देतात. नळ्यांना चिकटलेला साबण विजेला अडवतो. गरम पाणी एकूण २०० ते ३०० मि.ली., थोडं थोडं करून. खाली येणारं पाणी परीक्षानळीत हलवून पाहा, फेस येत असेल तर साबण बाकी आहे. शेवटी २० मि.ली. इथेनॉल.

६. फिल्टरसकट ६० अंशांवर तासभर वाळवा आणि कडेपासून चिमट्याने हळू सोलून काढा. फनेलचा कामाचा व्यास ३८ मि.मी. असेल, तर क्षेत्रफळ ११ चौ. सें.मी. होतं. फिल्मची घनता ०.५ ग्रॅम प्रति घन सें.मी. धरली, तर ३ मिलिग्रॅममधून जाडी ५ मायक्रोमीटरच्या आसपास येते. २ मायक्रोमीटरखालची फिल्म सोलताना फाटते, म्हणून वस्तुमानात कंजुषी नको.

पट्ट्या आणि चांदी

फिल्म दोन कोऱ्या कागदांमध्ये धरून नव्या ब्लेडने १ मि.मी. रुंद, ८ मि.मी. लांब तुकडे कापा. ब्लेड ओढू नका, वरून दाबा. बोथट ब्लेड कडा उसवतं. पॉलिइमाइड इथेनॉलने पुसून त्यावर पट्ट्या २ मि.मी. अंतराने मांडा आणि प्रत्येकीवर इथेनॉलचा एक थेंब सोडा. वाळताना द्रव पट्टीला खाली ओढून घट्ट बसवतो, गोंद लागत नाही. गोंद लावला तर तो उष्णता शोषतो आणि पिक्सेल मंद होतो.

चांदीची पेस्ट स्टेन्सिलने लावा. इथे दोन टोकांची वागणूक वेगळी हवी. थंड टोकांना जोडणारी सामाईक रेघ जाड आणि रुंद, ३ मि.मी. ठेवा. ती उष्णता शोषून टोक थंड राखते. गरम टोकांच्या रेघा मात्र अरुंद ठेवा, पहिले ५ मि.मी. तरी ०.५ मि.मी.पेक्षा रुंद नकोत, नाहीतर जमा झालेली ऊब चांदीतूनच पळून जाते. पेस्ट डबीवर दिलेल्या तापमानाला भाजा. बऱ्याच पेस्टना १२० ते १५० अंशांवर २०-३० मिनिटं लागतात. गरम टोकाच्या रेघा आणि सामाईक रेघ एकाच बाजूने बाहेर काढून पॉलिइमाइडची शेपटी सपाट केबलच्या कनेक्टरमध्ये घाला. १ मि.मी. अंतराचा कनेक्टर घेतला तर एकाआड एक संपर्क वापरता येतो. शेपटीमागे एकूण जाडी ०.३ मि.मी. होईल इतकं प्लास्टिक चिकटवा, नाहीतर कनेक्टर पकड घेत नाही.

नॅनोट्यूबवर थेट सोल्डर करायचा प्रयत्न करू नका. सोल्डर तिला चिकटत नाही, गोळी होऊन पडतं.

मल्टिमीटरने प्रत्येक पिक्सेलचा रोध पाहा. ५० ते ३०० ओहम ठीक आहे. आठही पिक्सेल एकमेकांच्या २० टक्क्यांच्या आत असावेत. एखादा एकटाच हजार ओहमवर असेल तर बहुधा चांदी आणि फिल्म यांच्यामध्ये फट राहिली आहे, तिथे पेस्टचा दुसरा हात द्या. सगळेच हजारांत असतील तर साबण राहिला आहे. तो आता निघत नाही, नवी फिल्म करा.

झाकण आणि खिडकी

नवख्यांना सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही आहे: पूर्ण पट्टीवर सारखा प्रकाश पडला तर संकेत शून्य येतो. दोन्ही टोकं सारखीच तापतात, फरक राहत नाही. म्हणून प्रकाश फक्त गरम टोकाच्या बाजूला पडला पाहिजे. चांदीची कड आणि तिला लागून २-३ मि.मी. फिल्म उघडी ठेवा, बाकी सगळं ॲल्युमिनियम फॉइलने झाका. फॉइल पट्टीला टेकवायची नाही. खाली १ मि.मी. फोमची चौकट ठेवा. टेकली तर ती वीज जोडते, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतः तापून थंड टोक तापवते.

नवव्या ठिकाणी एक आणखी पट्टी बसवून ती पूर्ण झाका. हा आंधळा पिक्सेल. त्याचं काम पुढे कळेल.

उघड्या खिडकीवर पातळ पॉलिइथिलीन ताणून लावा. श्वास, पंखा, दार उघडल्याची झुळूक यांतलं काहीही पिक्सेलला चमकदार वस्तूसारखंच भासतं. काच लावू नका, ती साधारण ४ मायक्रोमीटरच्या पुढचं जवळजवळ सगळं अडवते. पॉलिइथिलीन ३.४, ६.८ आणि १३.८ मायक्रोमीटरजवळच्या अरुंद पट्ट्यांखेरीज अवरक्त सोडतं आणि टेराहर्ट्झही सोडतं. पट्टी उलटी बसवून पॉलिइमाइडच्या बाजूने प्रकाश घेणंही टाळा. तसं केलं तर काही तरंगलांब्या पॉलिइमाइडच आधी गिळतं आणि 'सर्व रंगांना सारखा' हा गुण जातो.

वाचन

संकेत मायक्रोव्होल्टमध्ये असतात. नॅनोट्यूब फिल्म हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप पी-प्रकारची असते, म्हणजे तिच्यात धन विद्युतभार वीज वाहून नेतात. तिचा सीबेक गुणांक ४० ते ६० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन असतो, तर चांदीचा दीडच्या आसपास. म्हणजे गरम टोक १ अंशाने तापलं की सुमारे ५० मायक्रोव्होल्ट. १ मिलिवॉटचा लेसर १०० ते ५०० मायक्रोव्होल्ट देतो, ५ सें.मी.वर धरलेला तळहात १० ते ४०.

नेहमीची एडीएस१११५ इथे अपुरी पडते. तिच्या सर्वांत बारीक कक्षेवरही एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची आहे. एडीएस१२२० मध्ये १२८ पट वर्धन ठेवलं की कक्षा ±१६ मिलिव्होल्ट होते. सेकंदाला २० नमुने हा वेग निवडा. त्या वेगावर ५० आणि ६० हर्ट्झ, दोन्हींची विजेची गुणगुण गाळली जाते.

इथे एक खड्डा आहे. चिपमधलं हे वर्धक शून्य व्होल्टजवळच्या संकेतावर चालत नाही. दोन्ही टोकं जमिनीच्या (ग्राउंडच्या) पातळीवर असतील तर आकडे येतात, पण ते निरर्थक असतात. म्हणून सामाईक चांदीची रेघ अर्ध्या पुरवठ्यावर टेकवा: ३.३ व्होल्ट आणि जमीन यांच्यामध्ये १० किलोओहमचे दोन रोधक, मधल्या बिंदूवर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो बिंदू एडीसीच्या एका पायाला, मल्टिप्लेक्सरचं तोंड दुसऱ्या पायाला.

मल्टिप्लेक्सरच्या १६ वाहिन्यांपैकी आठ पिक्सेलना द्या, नववी आंधळ्या पिक्सेलला, आणि दहावी सरळ सामाईक बिंदूलाच जोडून टाका. ही शेवटची वाहिनी इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा सरकता शून्य दाखवते, तो प्रत्येक ओळीत वजा करा. वाहिनी बदलल्यावर २-३ मिलिसेकंद थांबून मगच रूपांतर सुरू करा. दहा वाहिन्या वाचायला अर्ध्या सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो.

तांबं आणि कथिल-शिसं यांचा सांधाही अंशाला १ ते ३ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणून पिक्सेलकडून येणारी आणि परतीची तार एकाच प्रकारची, सारख्या लांबीची, शेजारी शेजारी असावी. सगळे सांधे एका छोट्या डबीत फोममध्ये बंद करा. व्होल्टेज रेग्युलेटर कनेक्टरला चिकटून ठेवला तर दर मिनिटाला शून्य सरकताना दिसेल.

फिल्मच्या रोधातून येणारा गोंगाट मात्र इथे नगण्य आहे. १०० ओहमला तो १.३ नॅनोव्होल्ट प्रति √हर्ट्झ इतकाच. रोध आणखी कमी करण्यात दिवस घालवू नका. खरी मर्यादा एडीसी आणि हवेचे झोत यांची आहे.

पहिली चाचणी

फॉइल काढून १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा लाल लेसर एका पट्टीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू न्या. एका टोकाला धन, मध्यावर शून्य, दुसऱ्या टोकाला ऋण, असा आलेख मिळाला पाहिजे. पी-प्रकारात थंड टोक धन असतं. मध्यावरही मोठा संकेत आला तर फिल्मची जाडी किंवा गुणधर्म एकसारखे नाहीत. लेसर बंद करताच संकेत एका झटक्यात शून्य झाला तर तो उष्णतेचा नाहीच, कुठून तरी विजेची गळती आहे. उष्णतेचा संकेत सेकंदभर तरी रेंगाळत उतरतो.

नंतर फॉइल लावा आणि खिडकीसमोर आलटून पालटून वस्तू धरा. ९४० नॅनोमीटरचा एलईडी, तापलेला बल्ब, ८० अंशांची काळी पत्र्याची प्लेट. तिन्हींना उत्तर आलं पाहिजे. मग मध्ये साधी काच धरा. बल्बचा बराच भाग काचेतून येईल, प्लेटचा जवळजवळ नाहीसा होईल, कारण ८० अंशांच्या वस्तूचं प्रारण ८ मायक्रोमीटरजवळ शिखर गाठतं. काचेऐवजी पातळ काळं पॉलिथीन धरलं की चित्र उलटतं. डोळ्याला काही दिसत नाही, पण प्लेट दिसत राहते. एकच पट्टी अनेक पट्ट्यांत पाहते याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

टेराहर्ट्झबद्दल थोडी सावधगिरी हवी. तिथे फिल्म काळी राहत नाही, धातूसारखी वागू लागते. ५ मायक्रोमीटर फिल्मचा पृष्ठरोध (चौरस तुकड्याचा रोध) १० ओहम प्रति चौरसाच्या आसपास असतो, तर लाटेला मोकळ्या अवकाशात भासणारा रोध ३७७ ओहम. या तफावतीमुळे नऊ-दशांश लाट परत फिरते आणि जेमतेम दशांश शोषली जाते. सर्वाधिक शोषण, म्हणजे निम्मं, पृष्ठरोध १८८ ओहम असताना होतं. पण इतकी पातळ फिल्म दृश्य प्रकाश आरपार जाऊ देते. दृश्य आणि टेराहर्ट्झ, दोन्ही एकाच जाडीत साधत नाहीत. टेराहर्ट्झ हेच मुख्य काम असेल तर पातळ फिल्म करून ती फिल्टरवरून न सोलता आधारावर उतरवण्याची पद्धत शिकावी लागेल.

प्रतिमा उभी करणं

आठ पिक्सेलची एक ओळ. वस्तू किंवा पट्टी १ मि.मी.च्या पायऱ्यांनी सरकवायची आणि प्रत्येक पायरीला वाचायचं. प्रतिसाद-काळ दीड सेकंद असेल तर पिक्सेल ९५ टक्के स्थिर व्हायला त्याच्या तिप्पट, साडेचार सेकंद लागतात. तेवढं थांबा. ४० पायऱ्यांना तीन मिनिटं. न थांबता सलग सरकवलं तर प्रत्येक कडेमागे शेपटी उमटते, आणि ती नेहमी सरकण्याच्या दिशेच्या मागे असते. तीच खूण ओळखा.

कच्चे आकडे तसेच रंगवले तर प्रतिमेत आडव्या रेघाच दिसतील, कारण आठही पिक्सेल थोडे वेगळे आहेत. दोन संदर्भ घ्या: खिडकीसमोर खोलीच्या तापमानाचं पुठ्ठ्याचं झाकण, आणि मग सर्व खिडकी व्यापणारी ५० अंशांची काळी प्लेट. प्रत्येक पिक्सेलच्या वाचनातून झाकणाचं वाचन वजा करा आणि प्लेट व झाकण यांच्या फरकाने भागा. झाकण हातात धरू नका, अर्ध्या मिनिटात ते बोटांनी तापतं आणि तुमचा 'काळा' संदर्भ राखाडी होतो. ते काठीला लावा.

सरावासाठी धातूच्या पत्र्याचा कापलेला आकार दोन काळ्या पॉलिथीनच्या थरांत बंद करा, मागे तापलेली प्लेट, पुढे पट्टी. आकार सावलीसारखा उमटतो. २ मि.मी.पेक्षा बारीक तपशील दिसणार नाही. गणिताने कडा धारदार करण्याआधी वस्तू खिडकीच्या आणखी जवळ आणा. इथे भिंग नाही, त्यामुळे अंतर वाढलं की धूसरपणा लगेच वाढतो.

अंगावर बांधताना

वाकवण्याचा ताण म्हणजे जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. २५ मायक्रोमीटर पॉलिइमाइड ५ मि.मी. त्रिज्येवर वाकवलं तर ०.२५ टक्के, जे चांदीला झेपतं. त्याच्या मागे १०० मायक्रोमीटर टेप चिकटवली की तोच ताण १.२५ टक्के होतो आणि चांदीच्या रेघेला केसासारख्या चिरा पडतात. फिल्म टिकते, तुटते ती चांदी. वाकवण्याचा अक्ष पट्ट्यांना समांतर ठेवा, म्हणजे बाक मधल्या मोकळ्या जागा घेतात. पॉलिइमाइड वाकतं पण ताणलं जात नाही, म्हणून मनगट चालेल, कोपर नाही.

त्वचा ३२ ते ३४ अंशांवर असते आणि तिची ऊब मागून येते. ती दोन्ही टोकांना सारखी पोचली तर आपोआप वजा होते, पण हात वळला की नाही. मागे २-३ मि.मी. फोम घाला, फोमला पिक्सेलच्या खाली पोकळी कापा, आणि आंधळ्या पिक्सेलचं वाचन प्रत्येक ओळीत वजा करत जा. बांधल्यानंतर दहा मिनिटं काहीच मोजू नका, तोवर सगळं सरकतच असतं. घामाने पॉलिइमाइडवर ओलसर थर आला तर शेजारच्या पिक्सेलमध्ये गळती सुरू होते. सगळे पिक्सेल एकाच वेळी, एकाच दिशेने हलू लागले की आधी ओल तपासा.

पी-प्रकारची पट्टी नीट चालली की संकेत दुप्पट करण्याची वाट मोकळी आहे. पट्टीचा अर्धा भाग पॉलिइथिलीनइमाइनच्या १ टक्का इथेनॉल द्रावणाने भिजवून ६० अंशांवर वाळवला की तो एन-प्रकारचा (ऋण विद्युतभार वाहणारा) होतो. मग चांदीच्या गरम सांध्याऐवजी पी आणि एन यांचा सांधा पट्टीच्या मध्यावर येतो. त्यामुळे फॉइलची खिडकीही मध्यावर सरकवावी लागते, ही गोष्ट हमखास विसरली जाते. द्रावण केशाकर्षणाने ठरवलेल्या रेघेच्या पुढे १-२ मि.मी. पसरतं, म्हणून थेंब आतल्या बाजूला सोडा. उघड्या हवेत एन-भाग काही दिवसांत परत पी-कडे झुकतो, तेव्हा वाळल्याबरोबर तो झाकून बंद करा आणि आठवड्याने लेसर फिरवून आलेख पुन्हा काढा. सांध्यावरचं शिखर खाली आलं असेल तर झाकणाच्या कडेतून हवा शिरते आहे.